ओढ्याकाठी जास्त पक्षी, की वेगळे पक्षी?

कोरड्या प्रदेशात ओढ्याकाठी पक्ष्यांच्या प्रजाती जास्त असतात, हे वाक्य तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंच असेल. ते एकदा तपासून बघू या. त्यासाठी आज घेतलाय जॉन साबो आणि सहकाऱ्यांचा, 2005 साली 'इकॉलॉजी'मध्ये आलेला शोधनिबंध. सात खंडांतली आकडेवारी एकत्र करून ते म्हणतात: काठावर प्रजाती जास्त नसतात, वेगळ्या असतात, आणि त्यामुळे प्रदेशातली एकूण प्रजातीसंख्या सरासरी 50 टक्क्यांहून अधिक वाढते.

म्हणजे कसं? समजा, माळावर 20 प्रजाती आणि ओढ्याकाठीही 20. नुसती तुलना केलीत तर उत्तर येईल 'फरक नाही'. पण दोन्हींकडे सामाईक फक्त 10 असतील, तर एकूण 30 झाल्या. काठावरची झाडं तुटली की 10 गेल्या! तुमच्या तक्त्यात हे नुकसान दिसलंच नसतं. हा मुद्दा इतक्या स्पष्टपणे मांडणं, ही या निबंधाची खरी ताकद.

आता मर्यादा. अंटार्क्टिकाच्या मातीतले जीव आणि वर्षावनातल्या वेली एकाच हिशेबात बसवल्या की सरासरी मिळते, पण कोरड्या प्रदेशाचं वेगळेपण पुसट होतं. वर्षावनात काठ आणि आतलं रान दोन्हीकडे उंच झाडं असतात. अ‍ॅरिझोनातल्या सॅन पेद्रो नदीकाठी मात्र उंच कॉटनवुड आणि विलो, आणि थोडं बाजूला गेलं की खुरटी झुडपं. झाडोऱ्याचे थर वाढले की पक्ष्यांची विविधता वाढते, हे मॅकार्थर बंधूंनी 1961 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे 'जास्त नसतात' हे वाक्य वाळवंटातल्या पक्ष्यांना जसंच्या तसं लावू नका.

दुसरी मर्यादा प्रजातींच्या यादीचीच. पक्षी दिसला म्हणजे तिथे त्याची पिल्लं जगली, असं नाही. नैर्ऋत्य अमेरिकेतला विलो फ्लायकॅचर नदीकाठच्या दाट झाडीत घरटं करतो, आणि काऊबर्ड त्यात आपली अंडी घालून जातो. यादीत मात्र दोघांचीही नोंद सारखीच, एकेक.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना 'विविधता' या शब्दापाशी थांबा. तुम्ही काठावरच्या प्रजाती मोजताय, काठ आणि माळ यांतला फरक, की घरट्यांचं यश? प्रश्न ठरला की पद्धत ठरते. उलटं केलंत, तर दोन हंगाम फिरून हातात फक्त यादी उरेल.