दहा पौंडांचं तिकीट कितीला पडतं?

"पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पीएचडीच्या मुलाखतीत पुढ्यात एक पेपर ठेवतात, "यात काय खटकलं?" असं विचारतात आणि आपण गप्प बसतो. कारण छापलेल्या गोष्टीत काही खटकू शकतं याची आपल्याला सवयच नसते.

म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि एक सोपा मजकूर घेऊ: 'लंडनमध्ये स्वस्तात नाटक कसं पाहावं' हे सांगणारे प्रवासी लेख. गेल्या जुलैमध्ये मी एका परिषदेसाठी चार दिवस लंडनला गेले होते. दिवसभर सत्रं, हातात तीन संध्याकाळी, आणि फेलोशिपमधून नाटकासाठी वेगळे काढलेले ४० पौंड. जाण्याआधी असे चार लेख वाचले, टिपणं काढली. परत आल्यावर ते पुन्हा वाचले, आणि तेव्हा जे दिसलं ते आधी दिसायला हवं होतं.

आधी हे लेख काय म्हणतात ते नीट मांडू. टीका करण्यापूर्वी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे, ही पहिली पायरी.

त्यांचा सल्ला साधारण असा. एक, लेस्टर स्क्वेअरमधलं 'टीकेटीएस' हे विक्री केंद्र. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली निघालेल्या अशाच केंद्राच्या धर्तीवर लंडनचं १९८० मध्ये सुरू झालं. न विकली गेलेली तिकिटं तिथे सवलतीत, काही वेळा अर्ध्या किमतीत मिळतात. दोन, नाट्यगृहाच्या खिडकीवर सकाळी मिळणारी त्याच दिवसाची तिकिटं. तीन, अ‍ॅपवरची सोडत. चार, नॅशनल थिएटरची 'फ्रायडे रश', म्हणजे दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची १० पौंडांची तिकिटं. पाच, शेक्सपिअर्स ग्लोबच्या अंगणात उभं राहून नाटक पाहणं. हे तिकीट कित्येक वर्षं फक्त ५ पौंडांना होतं, आता थोडं वाढलंय.

यातलं काहीही खोटं नाही, हे लक्षात ठेवा. चुकीचं विधान शोधणं म्हणजे चिकित्सा, असा आपला समज असतो. प्रत्येक विधान बरोबर असूनही निष्कर्ष तुमच्या कामाचा नसू शकतो, आणि तसंच जास्त वेळा होतं.

'पासून' हा शब्द

जाहिरातींत आणि या लेखांत किंमत नेहमी "२० पौंडांपासून" अशी असते. विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून सांगा, ही कोणती संख्या आहे? सरासरी नाही, मध्यकही नाही. ही किमान किंमत आहे. हजार खुर्च्यांपैकी चारच २० पौंडांच्या असल्या तरी वाक्य खरंच राहतं. किमान किंमत वाचून बाकीच्या वितरणाबद्दल काहीही कळत नाही. एखाद्या पेपरात "एरर १ टक्क्यापर्यंत खाली आला" असं वाचलंत, तर लगेच विचारा: किती वेळा? सर्वांत चांगल्या रनमध्ये, की सगळ्या रनमध्ये मिळून?

हे कुणासाठी लिहिलंय?

आता फ्रायडे रश घ्या. मी मंगळवारी पोहोचले, शनिवारी सकाळी परतीचं विमान. शुक्रवारी दुपारी जी तिकिटं निघणार, ती मी पुण्यात परत आल्यानंतरच्या प्रयोगांची! सल्ला उत्तम, पण लंडनमध्ये राहणाऱ्यासाठी. माझ्यासाठी तो निघण्याच्या आधीच्या शुक्रवारीच उपयोगाचा होता. उन्हाळ्यात तिथला दुपारचा १ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. लॅबमध्ये बसून ऑनलाइन तिकीट काढता आलं असतं. चारपैकी एकाही लेखात हे नव्हतं, कारण लिहिणारे तिथेच राहणारे. त्यांना 'चार दिवस' ही अट कधी भेटलीच नव्हती.

पेपरांच्या भाषेत याला बाह्य वैधता म्हणतात: एका गटावर मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या गटाला लागू पडतो का?

सोडतीचंही तेच. "मला तीनदा लागली, तुम्हीही प्रयत्न करा," असं एका लेखात होतं. समजा, एका वेळी लागण्याची शक्यता २० मध्ये १ आहे. (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय.) वर्षभरात १०० वेळा नाव देणाऱ्याला एकदा तरी लागण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त. चार वेळा नाव देणाऱ्या पाहुण्याला ती १८ ते १९ टक्के. सोडत तीच, खेळणारे वेगळे. शिवाय ज्यांना लागली नाही ते लेख लिहीत नाहीत.

माझी बुधवारची सकाळ

हे सगळं आता शहाणपणाने सांगतेय, पण बुधवारी सव्वाआठला मी एका नाट्यगृहाबाहेर रांगेत उभी होते. दहाला खिडकी उघडली, साडेदहाला माझ्या हातात २५ पौंडांचं तिकीट. मूळ किंमत याच्या दुपटीहून जास्त. मैत्रिणीला फोटोसुद्धा पाठवला.

साडेनऊला परिषदेत एक व्याख्यान होतं. ज्या गटाची पद्धत मी माझ्या तिसऱ्या प्रकरणात वापरतेय, त्याच गटाचं. त्यांच्या कॅलिब्रेशनबद्दलचा एक प्रश्न मी सहा महिने वहीत लिहून ठेवला होता. "दहापर्यंत पोहोचू, प्रश्नोत्तरं तरी मिळतील," असं मी स्वतःला समजावलं. पोहोचले तेव्हा पुढचं सत्र सुरू झालं होतं, आणि वक्ते दुपारीच निघून गेले. नंतर ईमेल केला. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. तो प्रश्न दोन ओळींत सुटणारा नाही, त्याला फळा आणि दहा मिनिटं लागतात.

रात्री नाटकाला गेले, तर खुर्चीसमोर खांब. खिडकीवरच्या माणसाने "थोडं कमी दिसेल" असं सांगितलं होतं, हे खरं. पण 'थोडं' म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. एरवी एकक नसलेली संख्या दिसली की ज्युनिअरला ओरडते मी! रंगमंचाचा उजवा तिसरा हिस्सा मला दिसलाच नाही, आणि नेमका शेवट तिथे घडला. तिकिटावर २५ पौंड छापले होते. मला ते त्या दहा मिनिटांना पडलं.

चारशे वर्षांपूर्वीची तीच चूक

परत आल्यावर थोडं वाचलं. विषय माझा नाही, पण गंमत पाहा. १५९९ च्या सप्टेंबरमध्ये थॉमस प्लॅटर नावाचा, मॉन्टपेलिएला वैद्यक शिकलेला पंचविशीतला स्विस तरुण लंडनला फिरायला आला. आपल्यासारखाच. त्याने २१ सप्टेंबरला थेम्सपलीकडच्या गवती छपराच्या नाट्यगृहात ज्युलिअस सीझरचं नाटक पाहिलं आणि रोजनिशीत तिकिटांचे दर लिहून ठेवले: उभं राहायला एक पेनी, बसायचं तर आणखी एक, गादी आणि चांगली जागा हवी तर तिसरी. नाटकं दुपारी दोनच्या सुमाराला होतात, हेही लिहिलं. नाट्यगृहाचं आणि नाटककाराचं नाव तो देत नाही. ते ग्लोब आणि शेक्सपिअर असावेत, हे अभ्यासकांनी बाकीच्या पुराव्यांवरून बांधलेलं अनुमान आहे. निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं, हे पाहायचीही सवय लावून घ्या.

आता प्रश्न: तेव्हा नाटकं कोण पाहत होतं? आल्फ्रेड हार्बेज यांनी १९४१ च्या पुस्तकात तिकिटाचे दर आणि नाट्यगृहमालक हेन्स्लोचे हिशोब पाहून सांगितलं की प्रेक्षकांत कष्टकरी माणसं मोठ्या संख्येने होती, कारण एक पेनी परवडणारी होती. चाळीस वर्षांनी, १९८१ मध्ये, अ‍ॅन जेनली कुक यांनी हरकत घेतली: पेनी परवडेल हो, पण कामाच्या दिवशी दुपारी दोनला रिकामं कोण असतं? त्यांच्या मते प्रेक्षक मुख्यतः फुरसत असलेले, वरच्या थरातले. मग मार्टिन बटलर आणि अँड्र्यू गर यांनी कुक यांचं म्हणणं टोकाचं असल्याचं दाखवलं. काम बुडवून येणारे शिकाऊ कारागीर आणि इतर साधे लोक येत होते याचे पुरावे आहेत, प्रेक्षक मिश्र होते.

शेवटचा शब्द कुणाचा, हे आपण इथे ठरवायचं नाही. पण कुक यांची हरकत काय होती ते बघा: "तुम्ही पैसे मोजलेत, वेळ मोजला नाहीत." माझ्या चार प्रवासी लेखांवर माझी हीच हरकत आहे. 'रांगेत उभे राहा, स्वस्त मिळेल' यात तिकीट स्वस्त होत नाही, त्याची किंमत वेळेत भरली जाते. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली 'रेंट' या संगीत नाटकाने पुढच्या दोन रांगा २० डॉलरला ठेवल्या, तेव्हा लोक रात्रभर फुटपाथवर बसू लागले. शेवटी रांगेऐवजी सोडत आणावी लागली. ज्याच्याकडे रात्र होती त्यालाच ते २० डॉलर परवडत होते.

उरलेलं आणि राखलेलं

गुरुवारी संध्याकाळी, सत्रं संपल्यावर, मी ग्लोबला गेले. तिकीट पुण्यातूनच काढलं होतं. १९९७ मध्ये उघडलेलं हे नव्याने बांधलेलं नाट्यगृह. मध्ये उघडं अंगण, सुमारे ७०० माणसं उभी राहतात. वर छप्पर नाही, पावसात छत्री उघडायची नाही, खाली बसायचं नाही. पण रंगमंचाच्या कठड्याला हात टेकून उभं राहता येतं. नट अंगणात उतरून तुमच्या बाजूने वाट काढत जातात. नाटक संपल्यावर सगळ्यांनी नाच केला. प्लॅटरनेही शेवटी नाच झाल्याचं लिहिलंय.

आपल्याकडे 'पिटातला प्रेक्षक' हा शब्द जरा हिणवूनच वापरतात. इथे पिटातला प्रेक्षक सगळ्यांत जवळ असतो, आणि बसणारे जास्त पैसे देऊन लांबून पाहतात. बुधवारचं माझं तिकीट स्वस्त होतं कारण ते उरलेलं होतं. गुरुवारचं स्वस्त होतं कारण तसं ठरवून राखलेलं होतं. नॅशनल थिएटरनेही २००३ मध्ये निकोलस हायटनर यांच्या काळात, प्रायोजक घेऊन, सर्वांत मोठ्या प्रेक्षागृहातल्या बहुतेक खुर्च्या १० पौंडांना ठेवल्या होत्या. 'परवडणारं रंगभूमी धोरण' असं कुणी म्हणालं, तर या दोन्हींतलं कोणतं, हे विचारायला हवं.

अर्थात इथेही किंमत आहेच. जवळजवळ तीन तास उभं राहून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. माझ्या आईला गुडघ्यांमुळे हे जमणार नाही. तिच्यासाठी हे तिकीट फुकट दिलं तरी महागच.

मग करायचं काय?

तीन संध्याकाळींसाठी गेलात तर: निघण्याआधीच्या शुक्रवारी घरूनच रश बघा. उन्हाळा असेल आणि पाय साथ देत असतील तर ग्लोबचं उभं तिकीट आधीच काढा. एक संध्याकाळ मोकळी ठेवून सवलतीचं काय निघतं ते फोनवर पाहा. 'टीकेटीएस'ची तिकिटं आता ऑनलाइनही मिळतात. खुर्ची घेताना 'नेमकं काय दिसत नाही?' असं विचारा. आणि परिषदेची सकाळ रांगेला देऊ नका.

मराठीत नाटकालाही 'प्रयोग' म्हणतात आणि आपल्या कामालाही. दोन्हीकडे कुणीतरी आपल्याला सांगत असतं की हे इतक्यात होतं. या आठवड्यात तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, त्यातलं "कमी खर्चिक" किंवा "सोपी पद्धत" असं एखादं वाक्य शोधा आणि तीन प्रश्न विचारा: ही किमान किंमत आहे की नेहमीची? कुणासाठी मोजली? आणि काय मोजलं नाही? उत्तरं वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत "यात काय खटकलं?" असं विचारतील, तेव्हा तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल.