आधी खराटा, मग भाकर

अमरावतीहून मोझरीला जाताना आमचे नांदगाव पेठ लागते. तेथे परवा गाडगेबाबांचे 1956 सालचे ध्वनिमुद्रित कीर्तन पुन्हा ऐकले. ऐतखाऊंवर कोरडे ओढणारे पुष्कळ. बाबा मात्र सवाल टाकून श्रोत्यांकडूनच उत्तर वदवितात. गावात शिरताच आधी खराटा, मग भाकर. म्हणून त्या शब्दांना धार. तरी आंधळ्यापांगळ्यांना अन्न त्यांनीच घातले. आपल्या विनोदी वाङ्मयाने आगंतुक पाहुण्याची यथेच्छ टर उडविली. पण कर्ज काढून पंगती घालणारा यजमान मोकळा सुटला. बाबांनी त्यालाही सोडले नाही. ऐन तारुण्यात वर्षभर मामांकडे आयते जेवलेला मी, इतर हसत होते तेव्हा खाली मान घालून बसलो. यंदा फराळापूर्वी अंगण मीच झाडणार आहे.