भोपळ्यातून बाहेर न येणारा रेणू

क्लिक रसायनाची गोष्ट बहुधा २०२२च्या नोबेलपासून मागे जात सांगितली जाते: शार्पलेस, मेल्डाल, बर्टोझी, २००२ साली तांब्याच्या मदतीने अझाइड आणि अल्काइन यांची बसलेली गाठ, फार तर ह्यूसगेन. विल्यम मॉक या मांडणीत बसत नाहीत आणि माझ्या मते गोष्टीचा अर्धा रस तिथेच सांडतो.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील मॉक यांनी १९८३मध्ये तांब्याशिवाय हीच अभिक्रिया घडवली. साधन होते कुकुरबिट्युरिल, म्हणजे ग्लायकोल्युरिलच्या सहा घटकांचे वलय. बेऱ्हेंड यांनी ते १९०५मध्येच बनवले होते, रचना उलगडली १९८१मध्ये. मध्ये फुगीर, दोन्ही तोंडांशी निमुळते. म्हणून नाव भोपळ्याच्या कुळावरून. तोंडांशी असलेली ऑक्सिजनची कड धनभारित अमोनियम गटांना धरून ठेवते. एका तोंडातून अझाइड शिरते, दुसऱ्यातून अल्काइन, आणि आत त्यांना एकमेकांसमोर येण्यावाचून गत्यंतर नसते. वेग सुमारे पंचावन्न हजार पट वाढतो. एरवी दोन समघटकांची सरमिसळ मिळते, इथे एकच.

इथवर कौतुकच. पण या वलयाला ‘उत्प्रेरक’ म्हणण्याची घाई मला पटत नाही. उत्प्रेरकाने काम उरकून मोकळे व्हायचे असते. इथे तयार झालेला ट्रायझोल पोकळीत चपखल बसतो आणि फार सावकाश सुटतो. लेकीकडून परतणारी आपली म्हातारी भोपळ्यात बसते ती वाघाला चुकवून घरी पोचायला. हा रेणू भोपळ्यातच घर करतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तुंजेल आणि स्टाइन्के यांनी १९९९मध्ये या दोषालाच कामाला लावले. दोन्ही टोकांना जोडहात असलेले रेणू घेतले, की प्रत्येक गाठ एका वलयाच्या आत पडते. साखळी वाढते आणि मणी आपोआप ओवले जातात. हेच पॉलिरोटॅक्सेन. टोकांना जाड गट बसवले, तर दोरा तोडल्याशिवाय मणी निघत नाही, आणि तरी मणी व दोरा यांच्यात एकही सहसंयुज बंध नसतो.

म्हणजे गाठीमागे एक वलय खर्ची पडते. डेव्हिड ली यांच्या गटाने २००६मध्ये तांबे वलयाच्या आत बसवले, तेव्हा तांबे सुटून पुढच्या वलयाकडे जाऊ शकले आणि वलय मात्र दोऱ्यात राहिले. तिथे उत्प्रेरक कोण, हे तरी स्पष्ट आहे.

मॉक यांना वगळणाऱ्यांची एक बाजू मात्र मानावी लागेल. शार्पलेस व सहकाऱ्यांनी २००१मध्ये क्लिकसाठी व्यापक उपयोगाची अट घातली होती. इथे दोन्ही पाहुण्यांजवळ अमोनियम हवे, माध्यमही आम्लधर्मी हवे. क्लिकच्या व्याख्येत ही अभिक्रिया कशीबशीच मावते. रोटॅक्सेनच्या इतिहासात मात्र तिची जागा पहिल्या पानांवर आहे.