पेटलेले घर आणि शेजारची घरे

देवीच्या रोगाचे उच्चाटन हा धडा आपण वर्गात साधारणपणे एकाच रीतीने शिकवतो. गवळणीच्या हातावरचे फोड, एडवर्ड जेन्नर, १७९६ साली आठ वर्षांच्या मुलाला टोचलेली लस, आणि मग एकदम १९८०. त्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. या दोन सनांमध्ये १८४ वर्षांचे अंतर आहे. 'लस हाती होती, तर इतकी वर्षे का लागली?' असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, तर 'लस सगळ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागला' असे सांगून आपण पुढे सरकतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे उत्तर विल्यम फेगी यांच्या 'हाउस ऑन फायर' या पुस्तकात सापडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ते २०११ साली काढले. पुस्तक आठवणींच्या स्वरूपाचे आहे, पण त्याचा खरा विषय एक पद्धत आहे. रोगी शोधायचा, तो कोणाकोणाच्या सहवासात आला ते शोधायचे आणि त्या माणसांभोवती कडे उभारायचे. आपल्याकडच्या आरोग्य खात्याच्या भाषेत हा 'सहवासितांचा शोध'. कोरोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामागचा विचार मात्र पोहोचला असे वाटत नाही. म्हणूनच हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे आणि त्याच्याशी थोडे भांडावेही, असे मला वाटते.

फेगी १९६६ साली पूर्व नायजेरियात काम करीत होते. डिसेंबरात एका मिशनऱ्याकडून रेडिओवर निरोप आला की, एका गावात देवीचा रोगी दिसतो आहे. सगळ्यांना टोचण्याएवढी लस हाताशी नव्हती. तेव्हा त्यांनी त्या भागातल्या मिशनऱ्यांना रेडिओवरूनच विनंती केली की, आपापल्या परिसरातल्या गावांत माणसे धाडून कोठे कोठे देवी आहे ते कळवा. उत्तरे आल्यावर नकाशासमोर बसून दोन प्रश्न विचारले गेले. रोग आज कोठे आहे? आणि इथून तो कोठे जाईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नव्हते. लोक कोणत्या बाजाराला जातात आणि त्यांचे नातेवाईक कोणत्या गावी राहतात, यात ते दडलेले होते. असलेली लस तेवढ्याच ठिकाणी वापरली आणि साथ थांबली. फेगी यांनी तरुणपणी जंगलातले वणवे विझविण्याचे काम केले होते. वणव्यावर सगळ्या रानात पाणी मारत नाहीत. आगीच्या पुढची वाळली काटकी काढून घेतात.

ही युक्ती का चालली, हे मात्र पुस्तकात विखुरलेले आहे. एक चांगले प्रकरण त्यावर हवे होते. ते थोडक्यात येथे मांडतो. देवीच्या विषाणूचा शरीरात शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण १० ते १४ दिवस जातात. या काळात तो माणूस इतरांना रोग देत नाही. पुढे ताप येतो, मग अंगावर पुरळ उठते आणि बहुतांश संसर्ग त्यानंतर होतो. पुरळ तर चेहऱ्यावरच असते, ते ओळखायला डॉक्टर लागत नाही. त्यात आणखी एक सोय अशी की, लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली, तरी रोग बहुधा टळतो किंवा सौम्य होतो. म्हणजे शोधणाऱ्याला रोगाच्या आधी पोहोचण्याची संधी मिळते. सहवासिताला गाठायचे ते तो रोग पसरवू लागण्यापूर्वी. नंतर गाठले तर ती केवळ नोंद.

फळ्यावर मांडण्याजोगे एक गणित पाहू. समजा, एक रोगी सरासरी चौघांना रोग देतो. कोणी आड आले नाही, तर ४, १६, ६४ असा हिशेब होतो. देवीची एक पिढी दोन आठवड्यांची धरली, तर सहा आठवड्यांत ६४ नवे रोगी. आता चौघांपैकी तिघे वेळेत सापडले, तर एका रोग्यामागे एकच नवा रोगी उरतो. साथ वाढत नाही, संपतही नाही. शंभरांपैकी ८० सापडू लागले, की एका रोग्यामागे ०.८ नवे रोगी. मग १०० रोग्यांमागे ८०, त्यांच्यामागे ६४, मग ५१. दहा पिढ्यांनी, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी, ११. दर पाचांत एक जण निसटत असूनही साथ मरते! सगळ्यांना गाठावे लागत नाही, ही या पद्धतीतली सर्वांत दिलासादायक गोष्ट आहे आणि विद्यार्थ्यांना तीच सर्वांत अविश्वसनीय वाटते.

पुस्तकाचा कस लागतो तो भारताच्या प्रकरणांत. आपला राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. लोकसंख्येच्या ८० टक्के लोकांना टोचले की रोग जाईल, असा तेव्हाचा अंदाज होता. तो चुकला. दाट वस्तीच्या राज्यांत उरलेले २० टक्के म्हणजे लक्षावधी माणसे, आणि शिवाय रोज नवी बाळे. १९७३ च्या शरद ऋतूत घरोघर शोध सुरू झाला. शोधकांनी रोग्यांची चित्रे दाखवून घरांत, शाळांत आणि बाजारांत विचारणा केली. गावात कोणाच्या अंगावर फोड आहेत हे शाळेतल्या पोरांना ठाऊक असते, हा अनुभव इंडोनेशियातल्या मोहिमेत आधीच आला होता.

शोध नीट होऊ लागताच रोग्यांचा आकडा घटण्याऐवजी भराभर वाढला. १९७४ साली भारतात १,८८,००३ रोगी आणि ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले. साथ खरोखर मोठी होतीच, पण पूर्वी न दिसणारे रोगीही आता दिसू लागले होते. मोजमाप सुधारले की आकडा वाढतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला नवे नाही. मंत्र्याला मात्र ते पटवावे लागते. मे १९७४ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात देशात रेल्वेचा संप चालू होता आणि पोखरणला अणुचाचणी झाली त्याच महिन्यात, बिहारच्या आरोग्यमंत्र्यांनी एका बैठकीत सांगितले की, हा शोध पुरे झाला, पुन्हा सरसकट लस टोचायला लागा. तेव्हा एक तरुण भारतीय डॉक्टर उठून म्हणाला की, आमच्या गावात एक घर पेटले तर आम्ही त्याच घरावर पाणी ओततो, सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. पुढच्या वर्षी मे महिन्यात भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला. पुस्तकाचे नाव या प्रसंगावरून आले आहे.

त्याच वर्षीची जमशेदपूरची हकीकतही शिक्षकांनी सांगावी. निरनिराळ्या ठिकाणी उगवणाऱ्या रोग्यांना 'तुम्ही कोठून आलात?' असे विचारत मागे मागे गेल्यावर धागे टाटानगरच्या रेल्वे स्थानकाशी जुळू लागले. कामासाठी आलेली माणसे आजारी पडली की गावाकडे परतत होती. शोध पुढे जातो तसा मागेही जातो, आणि मागे जाणारा कधी कधी अधिक फळतो. एका रोग्यापासून झालेली लागण शोधत बसण्यापेक्षा जिथून पन्नास रोगी निघाले ती जागा सापडणे केव्हाही फायद्याचे.

आता भांडणाचा भाग. फेगी स्वभावाने उदार आहेत. महेंद्र दत्त, एम. आय. डी. शर्मा अशा भारतीय सहकाऱ्यांना ते श्रेय देतात. तरीही उन्हातान्हात घरे पालथी घालणारा शोधक आणि रोग्याच्या दारात बसलेला पहारेकरी या पुस्तकात बहुतेक वेळा आकड्यांत दिसतो. संजय भट्टाचार्य यांच्या 'एक्सपंजिंग व्हॅरिओला' या २००६ सालच्या ग्रंथात हे देशी यंत्रणेचे अंग अधिक भरीवपणे येते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पॉल ग्रीनो यांनी १९९५ साली एका लेखात दाखवून दिले की, मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात भारत-बांगलादेशात जबरदस्ती झाली. रात्री-अपरात्री घरांत शिरून, धरून ठेवून लोकांना टोचण्यात आले. देवीला घरी आलेली माता मानणाऱ्यांच्या दृष्टीने तो अपमानही होता. फेगी यांच्या आनंदी कथनात याला फारच थोडी जागा मिळते. हा केवळ नीतीचा मुद्दा नाही, पद्धतीचाही आहे. वरच्या गणितातले ८० टक्के लोकांनी सांगितलेल्या नावांवर उभे आहेत. माणसे घाबरली, की रोगी माजघरात लपतो आणि सहवासित गाडी पकडतो. १९९४ साली सुरतेत प्लेगच्या भीतीने लोक किती वेगाने शहर सोडून गेले, ते अनेकांना आठवत असेल.

तिसरा आक्षेप पुस्तकाच्या नावावरच. पेटलेले घर दिसते. सगळे रोग असे दिसत नाहीत. क्रिस्टोफ फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गणिताने मांडले की, साथ अशा रीतीने आटोक्यात येईल की नाही हे तिच्या वेगाइतकेच, लक्षणांपूर्वी किती संसर्ग होतो यावर अवलंबून असते. देवी आणि सार्स या कसोटीला उतरतात. इन्फ्लुएन्झा आणि एचआयव्ही उतरत नाहीत. लस मात्र अनिवार्य नाही, याचा दाखला नायजेरियातच मिळाला. २०१४ साली इबोला लागोसला पोहोचला तेव्हा हाताशी मान्यताप्राप्त लस नव्हती. २० रोग्यांमागे ८९४ सहवासित शोधले गेले. रोज त्यांचा ताप पाहण्यासाठी २१ दिवस माणसे फिरली. अशा सुमारे १८,५०० भेटी झाल्या आणि साथ संपली. इबोलाचा रोगीही लक्षणे आल्यावरच रोग देतो, म्हणून हे जमले. कोरोनात ताप येण्याच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस संसर्ग देत होता, आणि कित्येकांना ताप आलाच नाही. तिथे शोधाने साथीची गती काही ठिकाणी मंदावली, काळ मिळाला. तो कडे पुरते उभारू शकला नाही. २०११ सालच्या लेखकाला याचा दोष देता येणार नाही. पण शेवटच्या पानांत ते या अनुभवातून सर्वसाधारण धडे काढतात, तेव्हा देवीचा विषाणू शोधणाऱ्यांवर किती मेहेरबान होता, हे एकदा ठळकपणे सांगायला हवे होते.

माझ्या वयाच्या माणसांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण नाही; आम्हाला शिकवणाऱ्या गुरुजींच्या होता. तो पाहून आम्ही लशीची गोष्ट ऐकली. नावे विचारत दारोदार हिंडलेल्या माणसांची अशी खूण कोणाच्या अंगावर उरलेली नाही. इंग्रजी वाचू शकणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना नायजेरिया आणि बिहारची प्रकरणे सहज झेपतील. ग्रीनो यांचा लेख शिक्षकांनी आधी वाचून ठेवावा, म्हणजे प्रश्न आले की अडायला होणार नाही.