संरचित प्रकाश आणि चांदीची तार : एक चिकित्सा

प्रकाशशलाकेच्या छेदातील तीव्रता, कला अथवा ध्रुवण ह्यांची हेतुपूर्वक मांडणी केली म्हणजे तिला संरचित प्रकाश म्हणतात. पिळदार कलेच्या शलाकेस कक्षीय कोनीय संवेग असतो, हे ॲलन, वुर्डमन प्रभृतींनी १९९२ साली प्रतिपादिले, तेव्हापासून ह्या विषयास वेग आला. तथापि ही रचना नॅनोमीटर मापाच्या वस्तूस जाणवते काय, हा प्रश्न उरतोच. कारण शलाकेचा आकार वस्तूच्या मानाने फार मोठा असतो.

ह्या दृष्टीने पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील जी. व्ही. पवन कुमार व सहकारी ह्यांचा निबंध परीक्षणीय आहे. चांदीच्या नॅनोतारेवर त्यांनी रेषीय ध्रुवणाच्या दोन शलाका केंद्रित केल्या : एक साधी गाउसीय, दुसरी दोन पाळ्यांची हर्मिट-गाउसीय. पुढे प्रकीर्ण झालेल्या प्रकाशात डाव्या व उजव्या वर्तुळ ध्रुवणाची विषम विभागणी, म्हणजेच प्रकाशाचा स्पिन-हॉल परिणाम, आढळली. दुसऱ्या शलाकेने ती लक्षणीय वाढली. साध्या शलाकेशी तुलना केल्याविना संरचनेच्या लाभाचे विधान पोकळ ठरते. ती तुलना येथे आहे, हा निबंधाचा मोठा गुण होय.

मात्र निबंधाचाच निष्कर्ष ‘संरचित’ ह्या संज्ञेस अडचणीत आणतो. परिणामाचे प्रमुख कारण म्हणून लेखक वस्तुभिंगाच्या नाभितलातील भ्रमणशील क्षेत्राकडे बोट दाखवितात. घट्ट केंद्रीभवनाने विद्युत्‌ क्षेत्रास प्रसरणदिशेचा घटक लाभतो; तो आडव्या घटकाहून कलेने भिन्न असल्यामुळे क्षेत्र फिरू लागते. हे साध्या शलाकेतही घडते. म्हणजे तारेपाशी पोहोचलेला कोणताही प्रकाश संरचितच असतो. दोन शलाकांतील भेद जातीचा नसून प्रमाणाचा ठरतो.

माइन्त्स येथील २०१६ सालचा कॅल्शियम आयनाचा प्रयोग हेच सुचवितो. पिळदार शलाकेच्या काळोख्या मध्यावर तीव्रता शून्य असूनही आयनाचे चतुर्ध्रुवी संक्रमण घडले, कारण तेथे क्षेत्राचा उतार शून्य नव्हता.

तेव्हा उपकरणातून निघताना शलाका कशी होती, एवढे नोंदविणे पुरेसे नव्हे. वस्तू जेथे आहे तेथील क्षेत्र व त्याचा उतार सांगितल्यावाचून, तसेच भिंगाचा व शलाकेचा वाटा निराळा केल्यावाचून, संरचनेस श्रेय देणे घाईचे होईल.