मत्तयाचा अठरावा अध्याय आणि रमाबाईंची पत्रे

बंधूने अपराध केल्यास काय करावे, याचा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५-१७) दिला आहे. आधी एकांतात समज द्यावी. न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे. यातील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते.

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार या कसोटीवर वाचून पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या. सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना थेट लिहिले, हे खरे. पण रमाबाईंविषयीची पत्रे डोरोथिया बील आणि बिशपांपर्यंतही जात राहिली. मला मूळ घोटाळा वेगळाच वाटतो : वचन अपराधाविषयी आहे, येथे मतभेदालाच अपराध ठरवले गेले.

शिवाय ही पत्रे जपून ठेवली तीही जेराल्डिन यांनीच, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला संग्रह १९७७ मध्ये निघाला. म्हणजे दप्तर दोष देणाऱ्या पक्षाचे. तरीही त्याच दप्तरात, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, हे रमाबाईंचे ठाम उत्तर शाबूत आहे.