वंशमूलाचा रकाना आणि केंटकीचा नकाशा

वांशिक नकाशावरील रंग म्हणजे प्रत्यक्ष लोकसमूहच होत, असे वाचक सहज गृहीत धरतो. अमेरिकेतील केंटकी राज्याचे उदाहरण हे गृहीतक तपासण्यास उपयुक्त आहे. या राज्यात १२० काउंट्या, म्हणजे जिल्हावजा विभाग, आहेत. १९८० च्या जनगणनेत तेथे ‘इंग्लिश’ हे वंशमूल सर्वांत मोठे ठरले. २००० मध्ये ते स्थान ‘अमेरिकन’ या उत्तराने घेतले आणि सुमारे २१ टक्के रहिवाशांनी ते नोंदविले. वीस वर्षांत लोकांचे पूर्वज बदलले नव्हते. मग बदलले काय?

वंशमूलाचा खुला प्रश्न १९८० साली प्रथम विचारण्यात आला. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे असले, तरी प्रश्नाखाली काही नावे उदाहरणादाखल छापलेली असत. १९८० च्या यादीत ‘इंग्लिश’ होते; १९९० मध्ये ते वगळले गेले आणि ‘जर्मन’ अग्रभागी आले. देशभरातील ‘इंग्लिश’ उत्तरे ४ कोटी ९६ लाखांवरून ३ कोटी २७ लाखांवर उतरली. १९९० मध्ये यादीत असलेले ‘केजन’ हे नाव २००० मध्ये गळाले, आणि ६ लाख ६८ हजारांची संख्या ८५ हजारांवर आली. जन्ममृत्यूंनी अथवा स्थलांतराने अशी घट संभवत नाही. उदाहरण हे उत्तराचे सूचनही असते, हाच याचा अर्थ होय.

तथापि सर्व दोष यादीवर टाकणे योग्य नाही. ओहायो नदीकाठच्या केंटन व कॅम्पबेल या काउंट्यांत २००० मध्येही ‘जर्मन’ हेच उत्तर प्रबळ राहिले. एकोणिसाव्या शतकातील सिनसिनाटी परिसरातील जर्मन वसाहतीचा तो वारसा आहे; भाषा लोपली, पण नाव शेजाऱ्यांपासून वेगळेपण दाखवीत राहिले. पूर्वेकडील डोंगराळ काउंट्यांत मात्र जो तो इंग्रजीच बोलतो, आणि बहुतेकांचे पूर्वज ब्रिटिश बेटांतून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले. तेथे ‘इंग्लिश’ हे नाव कोणापासूनच वेगळेपण दाखवीत नाही. जे नाव भेद दर्शवीत नाही ते गळून पडते, हा भाषेचाच नियम येथे दिसतो. उलटपक्षी, गुलामगिरीत ज्यांच्या पूर्वजांच्या मायभूमीचे नावच पुसले गेले, त्यांना हा रकाना मुळातच अपुरा पडतो.

बोलींच्या अभ्यासकाने याची विशेष दखल घेतली पाहिजे. अ‍ॅपलेशियन इंग्रजीतील लकबींचे मूळ वंशमूलाच्या नकाशावरून ठरविणे म्हणजे लोकांच्या आत्मवर्णनाला इतिहासाचा पुरावा मानणे होय. मायकेल माँटगोमेरी यांनी अल्स्टरशी असलेला दुवा शोधला तो स्थलांतरितांची पत्रे व शब्दसंपदा तपासून. तोच मार्ग प्रशस्त आहे.

२०२० मध्ये ‘इंग्लिश’ हे नाव वंशविषयक प्रश्नाच्या उदाहरणांत आले, आणि एकटे वा अन्य नावांसह ते नोंदविणाऱ्यांची संख्या ४ कोटी ६६ लाख भरली. प्रश्न निराळा असल्याने जुन्या आकड्यांशी तिची सरळ तुलना होऊ शकत नाही; पण धडा तोच आहे. असे कोष्टक निरुपयोगी नसते, मात्र प्रश्नपत्रकाचा मजकूर शेजारी ठेवल्यावाचून ते वाचू नये.